वाचक विचारतात: एक मोकळा रविवार आणि पायी पायी छुएनचौ

प्रश्न: ताई, कंपनीच्या कामासाठी मी दोन आठवडे चीनमध्ये श्यामेनला चाललोय. मधला एक रविवार पूर्ण मोकळा मिळतोय. बीजिंग, शांघाय एका दिवसात होण्यासारखं नाही, आणि सोबतचे सगळे मॉलमध्ये जायचं म्हणतायत. मला मात्र एखादं कधी नाव न ऐकलेलं शहर पायी फिरून बघायचंय. चिनी भाषेचा एक शब्द येत नाही. जमेल का, आणि कुठं जाऊ?

उत्तर: जमेल, आणि मॉलवाल्यांना खुशाल जाऊ द्या, तुम्ही सकाळची गाडी पकडून छुएनचौला जा. इंग्रजीत हे नाव क्यू अक्षरानं सुरू होतं त्यामुळं आपल्याकडं काहीजण क्वानझोऊ म्हणतात, पण तिथं तसं म्हटलंत तर कुणालाच कळणार नाही, छुएन-चौ असं म्हणा. आणि हे ग्वांगचौ नव्हे बरं का, नावं सारखी वाटतात म्हणून तिकीट काढताना हमखास गोंधळ होतो, त्यात याच पट्ट्यात चांगचौ आणि फूचौपण आहेत. तिकिटावरचं नाव चिनी अक्षरांत फोनमध्ये सेव्ह करून ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

दुसरी गोष्ट स्टेशनची, ही मी स्वतः भोगलीय म्हणून जरा ठासून सांगते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये फूचौ-श्यामेन अशी नवी हायस्पीड लाइन सुरू झाली आणि तेव्हापासून छुएनचौ, छुएनचौ पूर्व आणि छुएनचौ दक्षिण अशी तीन स्टेशनं झालीत. मी वेळ बरी वाटली म्हणून दक्षिणचं तिकीट काढलं आणि उतरल्यावर कळलं की जुनं शहर तिथून भलतंच लांब आहे, माझी सकाळ टॅक्सीतच गेली. तुम्ही नुसतं छुएनचौ असं लिहिलेलं स्टेशन घ्या, तेही जुन्या शहराच्या उत्तरेला थोडं बाहेर आहे पण तिथून बस, टॅक्सी सहज मिळते. गाडीला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. कागदी तिकीट नसतं, तुमचा पासपोर्ट हेच तिकीट, त्यामुळं ओरिजिनल जवळ हवा, झेरॉक्स चालत नाही. ऑटोमॅटिक गेटनं पासपोर्ट घेतला नाही तर घाबरू नका, कडेला माणूस बसलेला गेट असतो तिथं जायचं. स्टेशनात शिरताना सामान स्कॅन होतं आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी गेट बंद होतं, म्हणून अर्धा-पाऊण तास हातात ठेवून जा.

आता फिरायचं कसं ते. या शहरातल्या २२ जागा २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्यात, सोंग आणि युआन या राजघराण्यांच्या काळातलं (साधारण दहावं ते चौदावं शतक) जगाचं व्यापारकेंद्र म्हणून. त्या बावीसच्या बावीस बघायच्या नादी लागू नका. बऱ्याच शहराबाहेर आहेत, आणि एका दिवसात पळत पळत बघून एकही लक्षात राहत नाही. जुन्या शहरात एक रेघ धरून चाला: खाययुआन मंदिरापासून सुरुवात, तिथून पश्चिम रस्ता, मग चोंगशान रस्त्यानं दक्षिणेला, वाटेत थूमेन रस्त्याला पूर्वेकडं एक फाटा मारायचा आणि शेवट दक्षिण टोकाच्या समुद्रदेवीच्या देवळात. चार-पाच किलोमीटरच्या आसपास चाल होते, पण थांबत थांबत गेलं तर अख्खा दिवस पुरतो, मला तर कमीच पडला.

खाययुआनला मात्र घाई करू नका. इ.स. ६८६ मधलं हे देऊळ. गोष्ट अशी सांगतात की इथं एका जमीनदाराची तुतीची बाग होती, एका भिक्षूनं देवळासाठी जागा मागितली, जमीनदार म्हणाला माझ्या तुतीला पांढरी कमळं आली तर देतो, आणि आली! जुनं तुतीचं झाड अजून आवारात आहे, टेकू देऊन उभं ठेवलेलं. समोर दोन अष्टकोनी पाच मजली दगडी मनोरे, तेराव्या शतकात बांधलेले, पूर्वेचा जवळजवळ ४८ मीटर उंच. १६०४ साली या किनाऱ्यावर प्रचंड भूकंप झाला त्यातही हे दोन्ही उभे राहिले. पश्चिमेकडच्या मनोऱ्यावर हातात तलवार घेतलेला माकडाच्या तोंडाचा योद्धा कोरलाय तो शोधा, चिनी लोकांचा लाडका वानरराजा इथूनच आला असावा असं काही अभ्यासक म्हणतात, आणि आपल्याला हनुमान आठवल्याशिवाय राहत नाही. मुख्य सभागृहाला शंभर खांबांचं म्हणतात, प्रत्यक्षात ८६ आहेत, आणि आत वर बघितलंत तर खांबांच्या माथ्यावर पंख असलेल्या चोवीस अप्सरा छत तोलून धरताना दिसतात, कित्येकींच्या हातात वाद्यं आहेत. बहुतेक लोक पुढून नमस्कार करून परत फिरतात. तुम्ही वळसा घालून मागच्या बाजूला जा. का ते पुढच्या उत्तरात सांगते, कारण नेमका तोच प्रश्न दुसऱ्या एका पत्रात आलाय.

प्रश्न: चीनमध्ये शंकराचं देऊळ आहे असं फॉरवर्ड आलं होतं. खरं की थाप? असेल तर दर्शन घेता येईल का?

उत्तर: अर्धं खरं आहे, आणि ते अर्धंच इतकं भारी आहे की थापेची गरज नाही. उभं असलेलं, पूजा चालू असलेलं शंकराचं देऊळ छुएनचौमध्ये आज नाही. पण तेराव्या शतकात होतं. तमिळ व्यापारी तेव्हा मोठ्या संख्येनं इथं येऊन राहिलेले, आणि त्यांनी कोरलेला तमिळ शिलालेख इथं सापडलाय, खाली चिनी ओळ असलेला, शिवाच्या स्थापनेचा. त्यावर काळ दिलाय शके १२०३, चैत्र. म्हणजे १२८१ साल, चीनवर कुबलाई खानाचं राज्य. मला हे वाचून नुसतं बसून राहावंसं वाटलं होतं, कारण आपण पंचांगात बघतो तेच शक, तोच चैत्र, आणि गाव कुठलं तर चीनच्या समुद्रकिनाऱ्यावरचं.

पुढं ते देऊळ पडलं, किंवा पाडलं गेलं, आणि त्याचे दगड शहरभर विखुरले, कुणी तटबंदीत लावले, कुणी दुसऱ्या देवळात. युआननंतर आलेल्या मिंग घराण्याच्या काळात खाययुआनची दुरुस्ती झाली तेव्हा त्यातले दोन खांब मुख्य सभागृहाच्या मागच्या ओसरीत बसवले. सोळा बाजूंचे, हिरवट काळ्या दगडाचे. जवळ जाऊन गोल चौकटींमध्ये बघा, एकात नरसिंह हिरण्यकशिपूचं पोट फाडतोय, एकात गजेंद्रमोक्ष, एकात बाळकृष्ण आणि यमलार्जुनाची झाडं. माझ्या शेजारी एक आजी उदबत्त्या घेऊन उभ्या होत्या, त्यांना मी नरसिंहाकडं बोट दाखवून मोबाइलवर भाषांतर करून सांगितलं की ही आमच्याकडची गोष्ट आहे, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. सभागृहाच्या पुढच्या चौथऱ्यालापण बघा, सिंहाचं अंग आणि माणसाचा चेहरा असलेल्या सत्तरहून जास्त आकृत्यांची पट्टी आहे, तीसुद्धा त्याच परंपरेतली.

असेच दोन खांब दक्षिणेकडच्या समुद्रदेवीच्या देवळातपण आहेत, मागच्या दालनाच्या ओसरीला. आणि बाकीचा खजिना शहराच्या समुद्री इतिहासाच्या म्युझियममध्ये, तिथं शिवलिंगाची पूजा करणाऱ्या हत्तीचं शिल्प आहे. म्युझियम जुन्या शहराच्या पूर्वेला आहे, चालत जरा लांब पडतं, टॅक्सी करा, आणि सोमवारी जाऊ नका, चीनमधली बरीच म्युझियम सोमवारी बंद असतात. जवळच्या एका गावात तर अशीच एक भारतीय देवीची मूर्ती लोक क्वानयिन म्हणून पूजतात, म्हणजे करुणेची बौद्ध देवता म्हणून, त्यांना त्यात काही वेगळं वाटत नाही. तेव्हा दर्शन घ्यायचंच असेल तर त्या मागच्या ओसरीत उभं राहून घ्या, कुणी अडवत नाही.

प्रश्न: जुन्या प्रवासवर्णनांत या शहराला जैतून म्हटलंय. तिथं ऑलिव्ह पिकतात का?

उत्तर: नाही, आणि हा प्रश्न इब्न बतूतालाही पडला होता. चौदाव्या शतकात तो इथं आला आणि त्यानं लिहून ठेवलं की नाव जैतून असलं तरी इथं जैतूनची झाडंच नाहीत. खरी गोष्ट अशी की शहराभोवती त्स-थोंग नावाची झाडं खूप लावली होती, त्यावरून शहराचं टोपणनाव पडलं, आणि अरब खलाशांच्या कानाला ते जैतूनसारखं ऐकू आलं. आता हे त्स-थोंग म्हणजे कुठलं झाड ठाऊक आहे? आपला पांगारा! तोच लालभडक फुलांचा, काट्यांचा. आजही ते या शहराचं मानाचं फूल आहे. वसंतात गेलात तर वर बघत चाला.

प्रश्न: इंटरनेट, नकाशा, पैसे, यातलं तिथं काहीच चालत नाही म्हणे. मग अनोळखी शहरात पायी फिरणार कसं?

उत्तर: चालतं, फक्त निघायच्या आधी तयारी लागते. व्हॉट्सॲप, जीमेल, गूगल तिथल्या नेटवर उघडत नाहीत, पण तुमच्या भारतातल्या सिमचं रोमिंग किंवा परदेशी ई-सिम घेतलंत तर उघडतात, कारण डेटा बाहेरून फिरून येतो. हॉटेलच्या वायफायवर गेलात की परत बंद. गूगलचा नकाशा उघडला तरी विश्वास ठेवू नका, तिथले नकाशे मुद्दाम वेगळ्या मोजणीवर असतात त्यामुळं तुमचा ठिपका शेजारच्या गल्लीत दिसतो. ॲमॅप नावाच्या तिथल्या नकाशाच्या ॲपचं इंग्रजी रूप मिळतं, चिनी नावानं सांगायचं तर गाओद, ते घ्या. आयफोनवाल्यांना ॲपलचा नकाशा पुरतो. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा आधीच डाऊनलोड करून ठेवा.

पैशाला अलीपे, फोनवरून पैसे द्यायचं तिथलं ॲप. आपलं व्हिसा, मास्टरकार्ड त्याला जोडता येतं, घरी बसूनच जोडा आणि कार्डाचा परदेशी वापर बँकेकडून चालू करून घ्या. एका वेळी २०० युआनच्या आतल्या पेमेंटला जादा चार्ज लागत नाही, वर गेलं की तीन टक्के. थोडे रोख युआन सुट्टे ठेवा, नोटा नाकारणं तिथं कायद्यानं चालत नाही, पण दोन युआनच्या पाण्याला शंभरची नोट दिलीत तर बिचारा दुकानदार सुट्टे शोधत बसतो.

आणि एक युक्ती जी मला फार कामी आली. रस्त्याच्या नावातच दिशा असते. पेइ म्हणजे उत्तर, नान दक्षिण, तोंग पूर्व, शी पश्चिम. लू म्हणजे रस्ता, श्यांग म्हणजे गल्ली. चोंगशान रस्ता चालताना पाटीवर मधे नान दिसायला लागलं म्हणजे तुम्ही दक्षिणेच्या भागात आलात, नेट गेलं तरी हरकत नाही. ही चार अक्षरं कागदावर लिहून खिशात ठेवा. किंमत विचारताना दुकानदार एकाच हाताच्या खुणांनी आकडे दाखवतात, अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. आठाच्या खुणेला दोन समजून मी चुकले होते, त्यानं हसून कॅल्क्युलेटर पुढं केला.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी. दिवसभर बिस्किटांवर काढायचा का?

उत्तर: नाही, पण डोळे उघडे ठेवावे लागतात. वॉ छ सू, म्हणजे मी शाकाहारी, हे वाक्य पाठ करा आणि चिनीत लिहून पण ठेवा, सोबत मांस नको, मासे नकोत, अंडं नको, मांसाचं सूप नको असं एकेक लिहा, कारण भाजीत डुकराच्या मांसाचा चुरा घातला तरी ती त्यांच्या लेखी भाजीच असते. बौद्ध देवळांच्या जवळपास शाकाहारी खानावळी असतात, तिथं बिनधास्त बसा. पश्चिम रस्त्यावर स-क्वो थांग मिळतं, बर्फाच्या गोड पाण्यात निरनिराळ्या डाळी, जेली, फळं तुम्ही निवडाल ती, उन्हात फार छान लागतं. शेंगदाण्याचं गरम गोड सूप पण घ्या, फक्त त्यात अंडं फोडून घालतात कधीकधी, आधीच सांगा. शेवयांची घट्ट लापशी दिसेल, ती इथली खासियत, पण त्यात समुद्री जीव आणि मांसाचं पाणी असतं. आणि पारदर्शक जेलीचे छोटे गोळे दिसले तर हात लावू नका, ती समुद्रातल्या अळीसारख्या जीवापासून करतात.

प्रश्न: माझे आईबाबा सत्तरीच्या पुढचे. हौस दांडगी आहे, गुडघे नाहीत. त्यांना झेपेल का?

उत्तर: झेपेल. जुनं शहर सपाट आहे, आणि श्याओबाय म्हणून छोट्या पांढऱ्या इलेक्ट्रिक बस जुन्या शहरात फिरतात, त्यात बसवा. सकाळी खाययुआन, मग चोंगशान रस्ता. या रस्त्याला दुतर्फा दुकानांवरचे मजले फुटपाथवर पुढं आलेत, त्यामुळं सावलीतून चालता येतं, पाऊस आला तरी. दक्षिण-पूर्व आशियात जाऊन कमावून आलेल्या इथल्या लोकांनी ही धाटणी आणली.

थूमेन रस्त्यावर तर बसवून ठेवा त्यांना, कारण थोड्याशाच अंतरात तिथं इतकं आहे. छिंगचिंग मशीद १००९ सालची, ग्रॅनाइटची कमान एकात एक बसवलेली, मूळ प्रार्थनागृहाचं छप्पर गेलंय आणि भिंती तेवढ्या उभ्या आहेत, आत आकाश दिसतं. मिंग सम्राट योंगलनं १४०७ मध्ये मुसलमानांना संरक्षण देणारा हुकूम काढला तो तिथं दगडावर आहे. आणि लगेच शेजारी क्वानदीचं देऊळ, तिसऱ्या शतकातल्या एका सेनापतीचा देव झालेला. तिथं उदबत्त्यांचा धूर, गर्दी, आणि जमिनीवर अर्धचंद्रासारखे लाकडाचे दोन तुकडे टाकणारी माणसं. एक उताणा एक पालथा पडला की देव हो म्हणाला. तुमच्या आईला फक्त एवढंच सांगा की हे कौल लावतायत, पुढचं सगळं त्यांना आपोआप समजेल. पलीकडं कन्फ्यूशियसचं देऊळ, त्या परिसरात संध्याकाळी नानयिन संगीत ऐकायला मिळतं, जुनं, संथ, त्यातलं फिफा नावाचं तंतुवाद्य आडवं धरून वाजवतात. खाययुआनच्या छताखालच्या अप्सरा आठवतील.

स्वच्छतागृहं जागोजागी आणि फुकट आहेत, टिश्यू मात्र आपलाच न्यायचा आणि बरीचशी भारतीय पद्धतीची असतात, गुडघेवाल्यांनी हॉटेलातून निघतानाच जाऊन यावं. जुलै ते सप्टेंबर नको, ऊन आणि वादळं दोन्ही. १ ऑक्टोबरपासूनचा सुट्टीचा आठवडा तर अजिबात नको.

प्रश्न: मी एकटी मुलगी आहे, वय २३. एकटीनं फिरू का?

उत्तर: फिर ग. मी स्वतः रात्री नऊपर्यंत त्या गल्ल्यांतून एकटी हिंडलेय, कुणी वाकड्या नजरेनं बघितलं नाही. तुला जपायचंय ते इलेक्ट्रिक स्कूटरपासून. आवाज अजिबात येत नाही, फुटपाथवरूनही येतात. तिथं गाड्या उजव्या बाजूनं चालतात म्हणून रस्त्यात पाय टाकताना आधी डावीकडं बघायची सवय लाव, आणि तुझा सिग्नल हिरवा असला तरी उजवीकडं वळणाऱ्या गाड्या येतच राहतात. पासपोर्ट अंगावर ठेव. परतीचं तिकीट संध्याकाळी उशिराचं काढ, घाईत शेवटचं देऊळ सोडावं लागलं तर चुटपुट लागते.

प्रश्न: जुनं शहर बघून अर्धा दिवस उरला तर श्युनफू गाव की लुओयांग पूल? दोन्हींची नावं ऐकलीत.

उत्तर: सोबत मैत्रिणी असतील तर श्युनफू. कोळ्यांचं गाव, तिथल्या बायका अंबाड्याभोवती ताज्या फुलांच्या वेण्या गोल गोल माळतात, रोजच्या कामाला जातानासुद्धा, आणि जुन्या घरांच्या भिंती कालवांच्या शिंपल्यांच्या आहेत. आता तिथं पर्यटकांना फुलं माळून कपडे घालून फोटो काढून देणारी दुकानं खूप झालीत, गर्दी असते, पण मागच्या गल्ल्यांत गेलात की दारात बसून कालवं फोडणाऱ्या आज्या भेटतात आणि त्यांच्या केसांत फुलं असतातच, फोटोसाठी नाही.

एकटे असाल तर मात्र पूल. १०५३ ते १०५९ या काळात त्साय श्यांग नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली बांधला, खाडीच्या तोंडावर, जिथं भरतीचा जोर प्रचंड. पायाचे दगड हलू नयेत म्हणून काय केलं तर त्यावर कालवं वाढवली, जिवंत कालवांनी दगडाला दगड चिकटवून टाकले. खांबांचे आकार होडीच्या नाळेसारखे, पाणी कापायला. त्यावरून आजही चालत पलीकडं जाता येतं, पाऊण किलोमीटरच्या आसपास आहे. ओहोटीची वेळ विचारून जा. पाणी उतरलं की पायाचे दगड उघडे पडतात आणि त्यावर कालवं दिसतात, अजूनही वाढत असलेली.